सी, साखर आणि सोमवारचा बाक

रक्त घेणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमा होतात. त्याचं कारण सुई. सुई दिसली की माणसाला गप्प बसवत नाही. कुणी मुलीचं लग्न काढतं, कुणी शेजाऱ्याची कागाळी करतं, कुणी मलाच विचारतं की ताई, तुमचं लग्न कधी. मी कापूस दाबेपर्यंत अर्धी गोष्ट सांगून झालेली असते आणि उरलेली अर्धी रिपोर्ट न्यायला येतात तेव्हा. रजिस्टरमध्ये फक्त आकडे लिहायचे असतात, त्यामुळे बाकीचं सगळं डोक्यातच राहतं.

मी पाचोऱ्याहून रोज गाडीने जळगावला यायचे. एका फिजिशियनचा दवाखाना आणि त्याच्या मागची लांबट खोली, ती माझी लॅब. डॉक्टरांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. पुढचे किस्से नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतले आहेत. माणसं मोजकी, दोनच पेशंट, आणि लॅबच्या दाराबाहेर एक लाकडी बाक.

*

पहिले आले आबा. यावलकडचे केळीवाले शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, अंगाने बेताचे. तक्रार एकच, की बागेत तासभरसुद्धा उभं राहवत नाही. तपासलं तर साखर वाढलेली. सरांनी गोळी सुरू केली. साखर थोडी खाली आली, थकवा मात्र तसाच.

मग लिव्हरची तपासणी झाली. एसजीपीटी वाढलेलं. महिन्याने पुन्हा केलं, तरी वाढलेलंच. आबा दारूला शिवलेले नव्हते. सर खोदून खोदून विचारत राहिले. शेवटी त्यांच्या पत्नी सिंधूअक्का म्हणाल्या, "यायच्या अंगावर बैलगाडी उलटली व्हती, सर. पोटाचं ऑपरेशन झालं. तव्हा रगत चढवलं व्हतं."

ही गोष्ट ऐंशीच्या सुरुवातीची. सरांनी आबांचं रक्त मुंबईला पाठवलं आणि उत्तर आलं, हिपॅटायटिस सी. आबांना रक्त चढवलं तेव्हा हे तपासायची सोयच नव्हती. या विषाणूला नावसुद्धा नव्हतं.

सरांनी दोघांना बसवून समजावलं. "कावीळ करणारे विषाणू बरेच आहेत. ए, बी, सी अशी नावं आहेत. तुम्हाला सी आहे. हा घाई करत नाही. वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसून राहतो आणि हळूहळू लिव्हर कडक करत नेतो."

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, ए आन् बी सोडून मले एकदम सी काउन देला?"

सर क्वचित हसायचे. तेव्हा हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "म्हनजे आमच्या धाकल्या पोरीच्या वयाचा झाला तो. निंघतो का आता?"

"प्रयत्न करता येईल," सर म्हणाले. "इंजेक्शनं आहेत. वर्षभर घ्यावी लागतील. आठवड्यातून तीन. त्रास होतो."

अक्का म्हणाल्या, "पोरगी वाढवाले बी झालाच की तरास."

*

औषध सुरू करण्याआधी सरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यात कोलेस्टेरॉल होतं. मी ते काढलं आणि मला माझाच संशय आला. इतकं कमी मी कधी पाहिलं नव्हतं. रसायन खराब झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली. तोच आकडा. मग स्वतःचं रक्त घेऊन बघितलं. माझं व्यवस्थित जास्त आलं.

आबांना विचारलं, "तुम्ही तेलकट खात नाही का?"

ते म्हणाले, "पोरी, आमच्याकडे भरीत तेलात बुडालेलं नसलं तं त्याले आम्ही भरीत म्हनत नाई."

आबांना हे कोलेस्टेरॉल प्रकरण फार आवडलं. रिपोर्टची घडी घालून ते खिशात ठेवायचे आणि गावात दाखवायचे. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावचे चार जण कोलेस्टेरॉल तपासायला आले. चौघांचंही आबांपेक्षा जास्त निघालं आणि आबांचा भाव आणखी वाढला.

सर मात्र तो आकडा बघून विचारात पडले. मला म्हणाले, "शैला, चांगलं आहे. पण इतकं चांगलं का आहे?"

मला काय माहीत. मी आकड्याखाली पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली.

*

दुसरे आले नाना. धुळ्याचे शिंपी. त्यांच्या रक्तातही सी निघाला होता. कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. साखर त्यांनाही होती आणि रोज एक गोळी चालू होती. दुकान सोमवारी बंद असायचं, म्हणून त्यांनी सोमवार घेतला. आबांनीही सोमवारच घेतला होता, कारण अक्कांना तोच वार चांगला वाटला.

पद्धत अशी होती. सोमवारी दोघांनी जळगावला यायचं, मी रक्त तपासायचं, सरांनी रिपोर्ट बघून पहिलं इंजेक्शन द्यायचं. आठवड्याची उरलेली दोन इंजेक्शनं बर्फाच्या थर्मासमधून गावी न्यायची आणि तिथल्या डॉक्टरांकडून टोचून घ्यायची.

पहिल्या सोमवारी सरांनी सांगितलं होतं, "थंडी वाजून ताप येईल. घाबरायचं नाही. औषधच तसं आहे. दुपारपर्यंत इथे बाकावर थांबा."

इंजेक्शन घेऊन दोघं बाकावर बसले. एकमेकांची ओळख नाही. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन-तीन तासांनी मी बाहेर आले तर दोघं बाकाच्या मधोमध खेटून बसलेले आणि दोघांच्या अंगावर मिळून एकच ब्लँकेट. दात वाजत होते. बाहेर जळगावचा मे महिना होता. बाकाखाली कुत्रं जीभ काढून पडलं होतं.

नाना कुडकुडत म्हणाले, "आबा, तुम्हनं गाव कोनतं शे?"

आबा म्हणाले, "थांब भाऊ. आठवू राह्यलो."

*

थर्मासचा किस्सा आबांचा. त्यांच्या गावी वीज सतत जायची. एकदा गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. घरचा फ्रीज गरम झाला, थर्मासमधलं बर्फ वितळायला लागलं. आबा थर्मास घेऊन थेट बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथे जनरेटर होता.

सरांनी त्यांना बजावलं होतं, "औषध थंड पाहिजे, पण गोठलं तर वाया गेलं." कारखान्यात सगळंच गोठवायची सोय. मग आबांनी काय केलं, थर्मास बर्फाच्या खोलीत ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, बाहेर काढायचा, बाटली उजेडात धरून बघायची, परत आत ठेवायचा. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वीज आल्यावर घरी गेले.

पुढच्या सोमवारी आले ते शिंकत, अंगात ताप. सरांनी विचारलं, "हा ताप इंजेक्शनचा की वेगळा?"

"हा कारखान्याचा हाये," आबा म्हणाले. "औसद ठनठनीत हाये. मी आजारी पडलो."

*

नानांच्या खिशात कायम टेप असायची, कपडे मापायची. त्यांना मापाशिवाय करमायचं नाही. दुसऱ्या महिन्यापासून दोघांची भूक गेली आणि कपडे ढिले व्हायला लागले. आमचा वजनाचा काटा जुना होता. त्यावर चढताना जोरात पाय ठेवला तर एक वजन, हळू ठेवला तर दुसरं. नानांनी दोनदा त्यावर चढून बघितलं आणि सरांना म्हणाले, "सर, हाई मशीन खोटं बोलस."

त्यांनी टेप काढली. आधी स्वतःची कंबर मापली, मग आबांची. दर्जीच्या वहीत लिहिलं. तेव्हापासून दर सोमवारी इंजेक्शनच्या आधी हा कार्यक्रम. आबा हात वर करून उभे राहायचे आणि नाना तोंडात पेन्सिल धरून माप घ्यायचे. एखाद्या नव्या पेशंटने बघितलं तर त्याला वाटायचं की या दवाखान्यात शर्ट शिवून देतात. एका बाईंनी मला विचारलंसुद्धा, ब्लाऊज घेतात का म्हणून.

सरांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी नानांना सांगितलं, "माप बेंबीच्या रेषेत घ्या. दर वेळी त्याच जागी."

नाना जरा दुखावले. "सर, तीस वरीस व्हयनात माले या धंदामा. जागा बदलस का कधी?"

*

औषधाचा सगळ्यात वाईट त्रास तापाचा नव्हता. तो स्वभावाचा होता. आबांनी आयुष्यात बैलालासुद्धा शिवी दिली नव्हती. चौथ्या-पाचव्या महिन्यात ते रेडिओशी भांडायला लागले. बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायचे. एकदा भाकरी नीट भाजली नाही म्हणून ताट सरकवून उठले आणि दिवसभर बागेत जाऊन बसले. संध्याकाळी अक्का त्यांना शोधत गेल्या तर केळीच्या बुंध्याला टेकून रडत होते. का रडताय, तर सांगता येईना.

त्या सोमवारी अक्का सोबत आल्या. सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"सर, तुमचं इंजेक्शन वापस घ्या. मले माहा मानूस वापस द्या."

सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. इंजेक्शनमुळे मन असं होतं, हे आपण तुम्हाला आधीच नीट सांगायला हवं होतं, असं म्हणाले. झोपेसाठी औषध दिलं, दर आठवड्याला आबांशी वेगळं बोलायचं ठरवलं. आणि म्हणाले, "अक्का, थांबवायचं असेल तर आज थांबवू. निर्णय तुमचा आणि आबांचा."

अक्कांनी बाहेर बाकाकडे बघितलं. नाना आबांची कंबर मापत होते आणि आबा त्यांना काहीतरी सांगत होते. चक्क हसून.

"सोमवारी बरा असतो हा," अक्का म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "चालू ठेवा."

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबा यावलच्या बसस्टँडवर घामाघूम होऊन खाली बसले. हातपाय थरथरत होते. शेजारच्या टोपलीवाल्या बाईने दोन केळी खायला दिली आणि दहा मिनिटांत बरं वाटलं. ते तसेच बसमध्ये बसून जळगावला आले. सगळं ऐकून सर म्हणाले, "साखर उतरली असणार. केळी नसती तर अवघड होतं."

आबा म्हणाले, "सर, जल्मभर केळी लावली. खाल्ली तव्हा कामाला आली दुसऱ्याच्या बागेतली."

सरांनी साखरेची गोळी अर्धी केली. महिन्याने पूर्ण बंद केली. गोळी बंद, तरी साखर नॉर्मल. नानांचीही तशीच उतरत गेली, त्यांचीही गोळी सुटली.

मला वाटलं, औषध साखरेवरही चालतं. सर म्हणाले, "एवढ्यात ठरवू नकोस. दोघं जेवतच नाहीत. माणूस वाळला की साखर उतरतेच. इंजेक्शन संपू दे, भूक येऊ दे, मग बघू."

त्यांच्या आवाजात नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी होतं. कोडं सापडलेल्या माणसासारखं.

*

वर्ष संपलं. शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी मुंबईहून दोघांचे रिपोर्ट आले. रक्तात सी सापडला नाही. सरांनी सांगितलं, "आनंद करा, पण अर्धाच. हा लपून बसतो. सहा महिन्यांनी परत बघायचं, तोवर दर महिन्याला साधं रक्त तपासायला या."

अक्का त्या दिवसापासून कामाला लागल्या. भरीत, शेवभाजी, तुपाची पोळी. आबांचा चेहरा भरला, स्वभाव जागेवर आला, रेडिओ सुरळीत चालू झाला. नानांनी महिन्याच्या भेटीत टेप लावली आणि वही उलटून बघितली. आबांची कंबर जिथून सुरू झाली होती बरोबर तिथे परत आली होती. अर्धा इंच जास्तच.

मी साखर काढली. नॉर्मल. पुढच्या महिन्यात पुन्हा नॉर्मल. गोळी नाही, पथ्य नाही, भूक पहिल्यासारखी, कंबर पहिल्यासारखी. फक्त सी नव्हता.

सरांनी नानांची वही मागून घेतली. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला माझं रजिस्टर, आणि ओळीने बोट फिरवत बसले. बाहेर पेशंट खोळंबले होते. कंपाउंडरने दोनदा डोकावून बघितलं.

"शैला, लिव्हर म्हणजे साखरेचं कोठार," ते म्हणाले. "कोठारात हा वीस वर्षं बसलेला. साखरेचा घोटाळा यानेच केला असेल तर?"

मग त्यांना कोलेस्टेरॉलची आठवण झाली. मी काढलं. ते चांगलंच वाढलेलं होतं, चार गावकऱ्यांच्या बरोबरीला आलेलं. सर एखादं बक्षीस मिळाल्यासारखे खूश झाले. आबांना मात्र ते सहन होईना.

"हे कसं काय? रोग व्हता तव्हा रिपोर्ट चांगला आन् रोग गेला तव्हा खराब?"

"आबा, तेव्हाचं कमी कोलेस्टेरॉल सीमुळे असणार. तो तुमचं लिव्हर आपल्या सोयीने वापरत होता. आता लिव्हर तुमचं आहे, कोलेस्टेरॉलही तुमचं. तेल कमी करा."

आबांनी खिशातून जुना रिपोर्ट काढला, एकदा बघितला आणि म्हणाले, "गावात काय सांगू आता?"

सरांनी मुंबईच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. कंबरेची मापंसुद्धा लिहिली. उत्तर एका पोस्टकार्डावर आलं. मजकूर साधारण असा होता, की दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण शिंप्याला सोडू नकोस.

*

चौथ्या महिन्यात नानांची साखर वाढली. फार नाही, पण वाढली. मी पुन्हा केली. मग म्हटलं सकाळी काही खाल्लं असेल. विचारलं तर नाना म्हणाले, उपाशी शे. आठ दिवसांनी परत बोलावलं. आणखी थोडी वर गेलेली. टेप लावून बघितली तर कंबर मात्र तेवढीच.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "मुंबईला नमुना पाठव. सहा महिने थांबायचं नाही."

रिपोर्ट यायला दिवस लागायचे. त्या दिवसांत मला प्रथमच असं झालं, की मला एखाद्या पेशंटचं काहीतरी त्याच्याआधी कळलंय आणि ते खोटं निघावं म्हणून मी वाट बघतेय. ते खोटं निघालं नाही. सी परत आला होता.

सरांनी नानांना सांगितलं. नवीन उपचार निघालाय, तेच इंजेक्शन पण सोबत कॅप्सूल, परत एक वर्ष. शक्यता आधीपेक्षा चांगली आहे. नाना मान खाली घालून ऐकत होते. हातातली टेप बोटाला गुंडाळत होते, सोडवत होते.

"मनी साखरले आधी समजनं, नही का?" त्यांनी विचारलं.

"हो. बहुतेक."

"नही सर," नाना म्हणाले. "एक वरीस काढं मी. पन ते दोन जन व्हतूत म्हनीसन. आते एकटाले जमनार नही."

विचार करून सांगा, असं सर म्हणाले. नाना बाहेर जाऊन बाकावर बसले. धुळ्याच्या बसला वेळ होता.

*

त्याच दिवशी आबा आपला महिन्याचा रिपोर्ट न्यायला आले होते. सरांनी त्यांचाही नमुना नानांबरोबरच मुंबईला पाठवला होता. आबा आत आले, सरांनी हात पुढे केला. "आबा, तुमचा साफ आहे. गेला तो."

आबांनी विचारलं, "आन् नानाचा?"

सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या पेशंटचं सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आबांना तेवढ्यावरून कळलं.

ते बाहेर आले. मी लॅबच्या दारात होते, हातात नळ्यांचा स्टँड. नानांनी वर बघितलं. "आबा, तुम्हनं काय व्हयनं?"

आबा त्यांच्या शेजारी बसले. धोतराचा सोगा सारखा केला. "माहं बी तेच, नाना. वापस आला मायझया."

नानांनी बोटाला गुंडाळलेली टेप सोडवली.

"मंग?" आबा म्हणाले. "सोमवारपासून चालू करू या. दोघं हाये तं होऊन जाते."

नाना उठले, सरांच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "सर, करी टाकू."

नाना बसला गेल्यावर आबा परत आत आले आणि काय केलं ते सरांना सांगितलं. सर चिडले. माझ्या दवाखान्यात हे नाटक चालणार नाही, नसलेल्या रोगाचं इंजेक्शन मी देणार नाही, असं स्पष्ट म्हणाले. आबांनी हात जोडले.

"तुम्ही काहीच देऊ नका. मी फक्त पडद्याच्या मांघं जाईन आन् दंड चोळत बाहेर येईन."

सरांनी आबांचे जोडलेले हात खाली केले. शेवटी म्हणाले, "मी त्यांना काही सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि टोचून घ्यायचंच असेल तर बी-कॉम्प्लेक्स घ्या. निदान सुई तरी खरी असेल."

तेव्हापासून वर्षभर आबा दर सोमवारी यावलच्या बसने आले. रिकामा थर्मास घेऊन. बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दुखतं. ते घेऊन बाकावर बसायचे. नानांना थंडी भरली की ब्लँकेटचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे आणि भर उन्हाळ्यात घामाने निथळायचे. कॅप्सूलमुळे नानांचं रक्त कमी झालं, ते चालताना धापा टाकायला लागले, दुकान तीन महिने बंद राहिलं. मध्ये एकदा त्यांनी सोडून द्यायचं ठरवलं आणि तसं आबांना बोलूनही दाखवलं होतं. त्या सोमवारी आबा जळगावात न उतरता पुढे धुळ्याला गेले आणि त्यांना घेऊन दुपारी हजर झाले.

वर्षाने नानांचा रिपोर्ट साफ आला. सहा महिन्यांनीही साफ. साखर उतरली, पण आबांसारखी पूर्ण नाही, अर्धी गोळी राहिली. सर म्हणाले, सगळाच घोटाळा सीचा नसतो, थोडा आपलाही असतो. आबांनी तेव्हाही नानांना खरं सांगितलं नाही. दोघांचा सी एकदमच गेला, असं अक्का यावलमध्ये सांगायच्या.

*

पण माझा आवडता किस्सा त्या दुसऱ्या वर्षाच्या अगदी सुरुवातीचा आहे. दुसराच सोमवार. इंजेक्शनं नुकतीच सुरू झालेली, नानांची साखर अजून चढलेलीच होती. आबा सरांकडे पडद्यामागे गेले होते. मी नानांचं रक्त घेऊन कापूस दाबत होते.

नाना म्हणाले, "ताई, दोन्ही सोमवारले मनीच साखर काढी. आज आबानी पन काढा ना."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आबा दंड चोळत बाहेर आले तेव्हा मी त्यांचंही रक्त घेतलं. त्यांनीही हात पुढे केला. अर्ध्या तासाने आकडा आला आणि तो इतका छान होता की मी कागद घेऊन थेट बाहेरच आले.

"आबा, एकदम नॉर्मल. तेही गोळीशिवाय."

बोलून गेल्यावर मला जाणवलं. आबांनाही जाणवलं असावं, कारण ते घाईने उठले आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेले.

नानांनी माझ्या हातातला कागद घेतला, बघितला आणि घडी करून परत दिला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मना सी परत उना, तवय मनी साखर चढनी. आबानी ते चढनीच नही."

मी तो कागद खिशात घातला.

"आबाले सांगू नका, माले समजनं म्हनीसन. त्याले कळनं ते तो येवानं बंद करी दी."

आबा चहाचे तीन कप घेऊन आले. नानांनी बाकावर सरकून जागा केली.

"आबा, हात दुखस का?"

"लई," आबा म्हणाले.